घोरण्याचा पुरावा

२ एप्रिल

ज्या घटनेची पुढे चौकशी होण्याचा संभव असतो, तिची नोंद त्याच दिवशी तारीख घालून करावी, असे मी वाचले आहे. म्हणून बक्षीस मिळालेली ही वही आज उघडली. योग्य प्रसंग येईपर्यंत ती कोरी ठेवायची असे मी तीन वर्षांपूर्वी ठरवले होते. प्रसंग आला आहे.

आज सकाळी बाबांच्या मोबाईलवर वाहतूक पोलिसांचा संदेश आला. आमची दुचाकी १ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी धामणकर नाक्याजवळ चुकीच्या बाजूला उभी होती, सबब पाचशे रुपये दंड भरावा, असा त्याचा आशय. त्या रस्त्यावर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला समोरच्या बाजूला गाड्या लावाव्यात, असा फलक आहे.

ही गोष्ट अशक्य आहे. बाबा गोदामावर रात्रपाळीचे सुरक्षा पर्यवेक्षक आहेत. सकाळी नऊला येतात, जेवतात, साडेदहाला आडवे होतात आणि चारला उठतात. काल पावणेअकरापासून त्यांचे घोरणे मी माझ्या कानांनी ऐकले. बाहेरच्या खोलीत मी राज्यसेवेचा अभ्यास करत होते. मार्गदर्शक तत्त्वांचे प्रकरण दोनदा वाचूनही डोक्यात शिरले नाही, इतके ते घोरणे मोठे होते. त्या घोरण्यापुढे खालच्या रस्त्यावरचा टेम्पोही ऐकू येत नाही.

घरात आम्ही तिघेच. मला गाडी चालवता येत नाही. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत मला पंधरापैकी पंधरा गुण मिळाले होते. तथापि पुढे प्रत्यक्ष गाडीवर बसण्याचा योग आला नाही आणि सहा महिन्यांनी परवान्याची मुदत संपली. आईला तर सायकलही येत नाही. शिवाय ती त्या वेळी मागच्या गल्लीतल्या रंगूबाईंकडे पापड लाटायला गेली होती. हल्ली ती आठवड्यातून तीन-चारदा जाते. एवढे पापड कोण खाते, हे मात्र मला कळलेले नाही; आमच्या घरात तर एकही आलेला नाही.

संदेश वाचून दाखवल्यावर आईने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "भरून टाक पाचशे. कशाला डोक्याला ताप."

सामान्य माणूस अन्याय सहन करतो तो असा. मी भरणार नाही.

३ एप्रिल

पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचे छायाचित्र मिळाले. दोन तास बारकाईने अभ्यासले. निष्कर्ष गंभीर आहे.

छायाचित्रातील दुचाकी आमची नाही; पण ती हुबेहूब आमच्यासारखी बनवलेली आहे. क्रमांक तोच. मागच्या दिव्यावर 'नमो बुद्धाय'चे स्टिकर तेच, आणि त्याचा उजवा कोपराही तसाच उचकटलेला. सीट जिथे फाटली आहे तिथे आईने लावलेली काळी चिकटपट्टीदेखील त्यांनी तशीच लावली आहे. बनावट क्रमांकाच्या गाड्यांविषयी मी वर्तमानपत्रात वाचले होते, पण गुन्हेगार इतकी मेहनत घेत असतील असे वाटले नव्हते.

हुकाला एक कापडी पिशवी लटकते आहे. तिच्यावर 'गुणवंत विद्यार्थी गौरव' ही अक्षरे अर्धवट दिसतात. ही पिशवी माझ्याकडेही आहे. तालुक्यातल्या शंभर विद्यार्थ्यांना त्या वर्षी अशा पिशव्या दिल्या होत्या. म्हणजे टोळीतला निदान एक जण गुणवंत आहे. दहावीला मराठी माध्यमातून नव्वद टक्क्यांच्या वर जाऊन एखाद्याने या मार्गाला लागावे, याचे फार वाईट वाटले. बेरोजगारी, दुसरे काय.

बाबांना उठल्यावर सगळे समजावून सांगितले. त्यांनी छायाचित्र पाहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले. मग म्हणाले की फोटो तसा बरा आला आहे. आणि पाचशे भरून टाकू. मी विचारले, "बाबा, वीस वर्षांत तुमच्यावर एक दंड नाही. हा डाग तुम्हाला चालेल?" ते म्हणाले, "चालंल की." इतकी निराशा बरी नव्हे.

५ एप्रिल

अर्ज पूर्ण झाला. चार पाने, दोन्ही बाजूंनी समास सोडून. संकेतस्थळावरच्या तक्रारीच्या रकान्यात त्याचा पहिला परिच्छेदही मावेना, म्हणून प्रत्यक्ष जाऊन द्यावा लागणार.

अर्जाचा कणा म्हणजे तिसरे पान. ते इथे उतरवून ठेवते :

'वाहनमालक श्री. धम्मपाल यांच्या घोरण्यास १० वाजून ४५ मिनिटांनी प्रारंभ झाला. ११ वाजून ५ मिनिटांनी कूस बदलल्यामुळे त्यात किंचित खंड पडला. ११ वाजून १७ मिनिटांनी, म्हणजे कथित गुन्ह्याच्या नेमक्या वेळी, घोरणे पूर्ण जोमात होते. निद्रिस्त मनुष्य टेमघर वस्तीतील आपल्या शय्येवर आणि धामणकर नाक्यावर एकाच वेळी असू शकत नाही, हे तर्कशास्त्रास धरून आहे.'

जेवताना कायदाही वाचून दाखवला. बनावट गाडी चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर पाचशे नव्हे, पाच हजार दंड. तुरुंगवासही होऊ शकतो. आणि असा गुन्हा नोंदला गेला की पक्का परवाना मिळणेही अवघड. शिकाऊ परवाना असून एकटीने गाडी चालवली, तरी तोच प्रकार. आईच्या हातातली पळी आमटीत पडली. तिला लोकांची फार काळजी.

"तो चोर असला तरी कुणाच्या घरचा असंल ना," ती म्हणाली. "जाऊ दे की, दिना."

मी म्हणाले की न्यायाला दया माहीत असते, पण चौकशी पूर्ण झाल्यावर.

६ एप्रिल

वाहतूक चिन्हांची माझी वही सापडत नव्हती, ती आज तांदळाच्या डब्यामागे सापडली. 'वळताना द्यावयाचे हस्तसंकेत' या पानावर हळदीची बोटे. घरातली शिस्त ढासळते आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर सतरा तारखेला पेन्सिलीने गोल केला आहे. आईला विचारले तर म्हणाली गॅस यायचा आहे. गॅस परवाच आला.

८ एप्रिल

आज चौकीत जाऊन आले. सविस्तर लिहिते.

माझी अडचण मला ठाऊक आहे. मी लिहू शकते, बोलू शकत नाही. शेअर रिक्षात 'इथे थांबा' एवढे शब्द माझ्याच्याने मोठ्याने म्हणवत नाहीत. कुणी टेमघरला उतरले तर मी उतरते, नाहीतर पुढे जाऊन चालत परत येते. म्हणून आईला सोबत चल म्हणाले. तिने आधी कंबर धरली, मग डोके धरले, आणि शेवटी आली.

रिक्षातून उतरताना ती एकदम म्हणाली, "ह्या खड्ड्यापाशी ब्रेक हळू दाबायचा, न्हायतर मागचं चाक सरकतं." रिक्षावाल्याने मागे वळून तिच्याकडे आदराने पाहिले. आई रिक्षाने फार फिरते, त्यामुळे तिचे निरीक्षण दांडगे आहे.

चौकीत हवालदार हिरामण तरे म्हणून गृहस्थ होते. पन्नाशीचे, जाड मिशांचे. मी अर्ज पुढे केला आणि उभी राहिले. त्यांनी चारही पाने ओठ हलवत वाचली. तिसऱ्या पानावर ते थांबले, वर पाहिले, पुन्हा वाचले.

"मॅडम, चोवीस वर्षं नोकरी झाली माझी. बायकोला विचारलं तर तिला पण माझ्या घोरन्याचा टाईम सांगता यायचा न्हाय."

ही स्तुती होती असे मला वाटते.

मग त्यांनी आईला विचारले की घरात गाडी आणखी कोण चालवते. आई म्हणाली, कुणी न्हाय. त्यांनी आईच्या हातांकडे पाहिले. आईचे हात मनगटापर्यंत काळवंडले आहेत आणि वर गोरे आहेत. पापड उन्हात वाळवावे लागतात. ते एवढेच म्हणाले, "हूं." नंतर सहज म्हणाल्यासारखे म्हणाले की ज्याने कुणी तिथे गाडी लावली त्याला समोरचा एवढा मोठा फलक कसा दिसला नाही, नवल आहे.

"दिसला असंल की," आई म्हणाली. "पण आदल्या दिवशी त्या अंगाला लावली, तर दुसऱ्या दिवशी ह्या अंगाला लावायची, असाच हिशेब करनार ना मानूस? एक दिवस तिकडं, एक दिवस हिकडं. आनि रसवंतीच्या अंगाला सावली असती."

"ताई, आदल्या दिवशी एकतीस तारीख," हवालदार म्हणाले. "एकतीस विषम. दुसऱ्या दिवशी एक. एक पन विषम. दोन्ही दिवस गाडी एकाच अंगाला."

आईने तोंडावर हात ठेवला. "अगो बाई. असं हाय व्हय."

मला आईचे कौतुक वाटले. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण गुन्हेगाराच्या मनात शिरण्याची तिची हातोटी तपास अधिकाऱ्यालाही लाजवील. हवालदारांचाही चेहरा बदलला होता. ते मिशीवरून हात फिरवत बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनी मला समजावण्याचा प्रयत्न केला. दंड भरा, घरी जा, चहा प्या. बनावट गाडीची तक्रार लिहून घेतली तर खरी गाडीसुद्धा तपास होईपर्यंत चौकीत आणून ठेवावी लागेल.

"सतरा तारखेपर्यंत मिळंल का परत?" आईने विचारले.

इतका नेमका प्रश्न तिला का पडला, समजले नाही.

"आनि नाक्यावर कॅमेरा हाय, मॅडम," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "त्यात चेहरा दिसतो. एकदा बगितला की मग बगितला."

मी आयुष्यात प्रथमच अनोळखी माणसासमोर अख्खे वाक्य बोलले : "तेच तर मला पाहायचे आहे." आईने माझा हात इतका घट्ट दाबला की तिलाही अभिमान वाटला असावा.

हवालदार १३ तारखेला चित्रीकरण दाखवतो म्हणाले. अर्ज त्यांनी नोंदीच्या वहीत न घालता टेबलाच्या खणात ठेवला. बहुधा सुरक्षिततेसाठी.

१० एप्रिल

आई दोन दिवस पापडांना गेलेली नाही. जेवतही नाही नीट. बाबा दिवसा घोरत नाहीत. तपासाचा ताण सगळ्या घरावर आला आहे.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची रूपा आली. ती स्वतःच्या स्कूटीवरून कामाला जाते, फार धीट मुलगी आहे. आईला म्हणाली, "काकी, आठचा आकडा जमला का मग?" आईने तिला डोळ्यांनी काहीतरी खुणावले. मी समजले, आई अंक गिरवते आहे. लहानपणी शाळा सुटली याची तिला खंत असणारच. मला एका शब्दाने सांगितले असते तर मी तिला उजळणीचे वेळापत्रक करून दिले असते.

रूपाला मी बनावट गाडीची हकीकत सांगितली. ती खोकायला लागली आणि पाणी पिऊन निघून गेली.

१३ एप्रिल

आई आली नाही. पोटात दुखते म्हणाली. निघताना तिने माझे केस उगाचच नीट केले आणि म्हणाली, "काही दिसलं तरी सावकाश ये घरी. पळत येऊ नको."

मी एकटी गेले. रिक्षात चौकीच्या अलीकडे 'थांबा' असे म्हणालेसुद्धा, पण हळू म्हणाले. दोनशे पावले मागे चालत यावे लागले.

हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिले, मग पडदा माझ्याकडे वळवला. १ एप्रिल, अकरा वाजून नऊ मिनिटे. नाक्यावर नेहमीची दाटी. सुताच्या गाठोड्यांनी भरलेले दोन ट्रक, रिक्षांची रांग, मध्ये एक हातगाडी आडवी. त्या दोन ट्रकांच्या फटीतून आमची दुचाकी, म्हणजे बनावट दुचाकी, अलगद बाहेर आली. चालवणारी स्त्री होती. डोक्यावर काळे हेल्मेट, पदर कमरेला खोचलेला. तिने उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढला, तळवा पुढे. माझ्या वहीच्या पानावर आकृती आहे अगदी तसा. हातगाडीवाल्याला तिने थांबवले, रिक्षांना थांबवले, आणि सगळा नाका थांबलेला असताना शांतपणे वळण घेतले. मी मनातल्या मनात म्हटले, बाई गुन्हेगार असली तरी वळणात पैकीच्या पैकी.

मग तिने रसवंतीच्याच बाजूला गाडी लावली आणि हेल्मेट काढले.

हवालदार तरे खिडकीबाहेर पाहू लागले.

पदराने तोंड पुसून ती बाकावर बसली. एकटीच. रसवाल्याने ग्लास दिला. मोठा, काठोकाठ भरलेला. आमच्याकडे उसाचा रस आला की आई तो वाटून टाकते आणि स्वतः भांड्याच्या तळाचा बर्फ खाते. तिला रस आवडत नाही, अशी आजवर माझी माहिती होती. तिने तो ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, थांबून थांबून, शेवटपर्यंत प्यायली. बाक उंच होता. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती पाय हलवत होती.

एका कोपऱ्यात आकडे पळत होते : अकरा सतरा. चौकटीत एक पोलीस आला, गाडीचे छायाचित्र घेऊन गेला. तिने पाहिले नाही. ती पाय हलवत होती.

मला कलमे पाठ आहेत. शिकाऊ परवाना, सोबत परवानाधारक व्यक्ती नाही, मागे लाल 'एल' नाही. मी ती एकामागून एक मोजली. मग मोजायची थांबले.

"पुढं बगायचं का?" हवालदारांनी विचारले. खिडकीबाहेर पाहतच.

मी नकारार्थी मान हलवली.

"ती बाई कोन, ते मी इचारलेलं न्हाय," ते म्हणाले. "माझ्याकडं कागद हाय तो गाडी कुठं लावली एवढ्याचा. दुसरा कागद तुम्ही मला लिहून दिला, तर मला वाचावा लागंल."

त्यांनी खणातून माझी चार पाने काढली, टेबलावर ठेवली आणि शेजारी एक कोरा कागद ठेवला. मी पेन हातात घेतले. मायना सुचेना. 'उपरोक्त विषयास अनुसरून' सुचेना. शेवटी लिहिले :

'गाडी आमचीच आहे. दंड भरते.'

आजवर लिहिलेल्या अर्जांत हा सर्वांत लहान. हवालदारांनी तो एका श्वासात वाचला आणि म्हणाले, "आता कसं, अक्षर पन सुंदर वाटतं." चार पाने त्यांनी मला परत दिली. तिसरे पान मात्र मागून घेतले. घरी बायकोला वाचून दाखवायचे आहे म्हणाले.

मी जायला उठले तेव्हा त्यांनी हाक मारली. "पोरी, त्यांना सांग, एकटीनं थोडे दिवस नको. सतरापर्यंत कुनी लायसनवाली मागं बसव. आनि एकतीसनंतर एक येते, ते तेवढं ध्यानात ठेव म्हनावं."

पाचशे भरून पावती घेतली. घरी पळत गेले नाही.

१४ एप्रिल

सकाळी वस्तीत वंदना झाली. आई पांढऱ्या साडीत, निळ्या काठाची. मिरवणुकीची तयारी सुरू होती, ढोल तापवणे चालले होते. त्या गोंधळात ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. काल घरी आल्यापासून आम्ही दोघी एकमेकींना चुकवत होतो. मी नुसती पावती तिच्या हातात दिली होती.

"बघितलंस ना," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

फेब्रुवारीपासून रूपा तिला शिकवते आहे. शिकाऊ परवान्याची परीक्षा तिने माझ्या वहीवरून दिली, पंधरापैकी अकरा. दर दिवशी वेगळा रस्ता. एकदा खारबावला मामाकडे जाऊन त्याच्या दारासमोरून हॉर्न वाजवून परत आली, आत गेलीच नाही. पापडाचे पीठ रंगूबाईंनी कधी पाहिलेलेही नाही. मी विचारले, कुठे जायचे असते तुला?

"कुठं न्हाय. नुसतं जायचं आनि यायचं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिचे उत्तर जसेच्या तसे लिहिते, कारण मला ते पुन्हा पुन्हा वाचावे लागणार आहे.

"तुला सांगितलं असतं, तर तू मला आधी पुस्तक दिलं असतंस. मग परीक्षा घेतली असतीस. मग चुका काढून दिल्या असत्यास. मला एकदा चुकून बघायचं होतं, दिना, कुनी न बघता."

ढोल सुरू झाला.

नंतर तिने बजावले की बाबांना यातले काही कळता कामा नये. परवाना हातात आला की ती स्वतः सांगणार. बिचारे रात्रभर जागतात, त्यांच्या जिवाला घोर नको.

१५ एप्रिल

बाबांपासून लपवणे मला जड गेले. दुपारी ते उठल्यावर चहा देताना मी एवढेच म्हणाले की दंड भरून टाकला, माझी चूक झाली, बनावट गाडी नव्हती.

बाबांनी बशीत चहा ओतला. "कॅमेऱ्यात नीट चालवत होती का?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होते?" मी विचारले.

"फेब्रुवारीत पेट्रोल कमी व्हायला लागलं," ते म्हणाले. "मग मीच टाकी भरून ठेवायला लागलो. आरशाची काच तिच्या उंचीला फिरवून ठेवतो. ती परत माझ्या उंचीला लावते. बिचारी."

"पण तुम्ही तर झोपलेले असता. तुमचे घोरणे मी ऐकले आहे. मी लिहून दिले आहे."

बाबा खिडकीकडे गेले, परत आले, बसले. मी त्यांना इतके ओशाळलेले कधी पाहिले नव्हते.

"मी जागा असलो तर ती चावी घेत न्हाय, दिना. आणि तू बसतेस बाहेरच्या खोलीत. चावी खिळ्यावरून काढताना वाजते, खाली गाडी स्टँडवरून काढताना वाजते. म्हणून मग मी जरा," त्यांनी हाताने लाट दाखवली, "मोठ्यानं घोरतो. ती कोपऱ्यापलीकडं गेली तरी तुला संशय नको म्हणून बराच वेळ चालू ठेवतो, मग झोपतो."

बनावट वस्तूच्या शोधात मी दहा दिवस घालवले. स्टिकर तपासले, सीट तपासली, पिशवी तपासली. बनावट होते ते एकच, आणि त्याचीच वेळ मी मिनिटासह नोंदवून, माझ्या सर्वोत्तम अक्षरात, सरकारला सादर केली होती.

"अकरा पाचला खंड पडला होता," मी म्हणाले. "कूस बदलली होतीत."

"खोकला आला होता," बाबा म्हणाले. आणि लगेच, "तिला सांगू नकोस हं. चोरून घेतलेल्या गाडीची मजा तिला कळू दे."

म्हणजे आता आईचे गुपित बाबांपासून आणि बाबांचे आईपासून मी राखायचे. तक्रारदार म्हणून सुरुवात केलेल्या माणसाची ही अवस्था.

१७ एप्रिल

आई पास झाली. आठचा आकडा तिने पाय न टेकता काढला. अधिकाऱ्याने विचारले किती वर्षे चालवता. तिने सत्य सांगितले नाही, पण खोटेही सांगितले नाही, नुसती हसली.

येताना मी तिच्या मागे बसले. रूपा तिच्या स्कूटीवर पुढे गेली होती. नाक्याशी आल्यावर आईने वेग कमी केला आणि हेल्मेटच्या आतून ओरडली, "आज तारीख काय?"

मला वाटले होते तिला तोंडपाठ असेल. ती तारीख तिने पेन्सिलीने कोंडून ठेवली होती. पण ती विसरली होती, इतकी खूश होती.

"सतरा!" मी ओरडले. "विषम! समोरच्या बाजूला!"

फुटपाथवरचे चार जण वळून पाहू लागले. रसवंतीच्या बाकावर बसलेले एक काका पटकन उठले आणि स्वतःची दुचाकी ढकलत पलीकडे नेऊ लागले. माझ्या आवाजाने घडलेली ही पहिली सार्वजनिक सुधारणा.

गाडी उन्हात लावली. रस्ता ओलांडून सावलीत आलो. रसवाल्याने आईला ओळखले आणि मला पाहून विचारले, एकात दोन करू का.

"न्हाय," आई म्हणाली. "दोन. पूर्ण भरून."

बाक खरोखरच उंच आहे.

घरी आल्यावर आईने परवान्याची पावती बाबांसमोर ठेवली. बाबांनी आश्चर्याचा असा काही अभिनय केला की मला मान खाली घालावी लागली. ते दोन वेळा "काय सांगतेस" म्हणाले आणि दोन्ही वेळा चुकीच्या जागी म्हणाले. आईने विश्वास ठेवला. किंवा ठेवल्यासारखे केले. या घरातल्या कुणाच्याही बाबतीत आता मी खात्रीने काही लिहीत नाही.

१८ एप्रिल

पावणेअकरा वाजता बाबांचे घोरणे सुरू झाले.

आता त्याची गरज नाही. चावी सगळ्यांदेखत घेता येते. आई स्वयंपाकघरातून आली, पदर खोचला, आणि खिळ्यापाशी उभी राहिली. पास झाल्याचा कागद तिच्या पिशवीत होता. तरीही ती थांबली. आतले घोरणे चांगले लयीत येईपर्यंत तिने वाट पाहिली, मग दोन बोटांनी, अजिबात वाजणार नाही अशा बेताने, चावी उचलली.

माझ्यासमोर मार्गदर्शक तत्त्वांचे प्रकरण उघडे होते. मी मान वर केली नाही.

दार लागले. बाबांनी आवाज थोडा वाढवला. मीही जरा मोठ्याने वाचायला लागले.